खर्ज न सोडणारी गिटार: रिचर्ड थॉम्पसन आणि त्याच्या रेकॉर्डी

१९७३ च्या मे महिन्यात लंडनच्या चेल्सी भागातल्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत गिटारवादक आणि गीतकार रिचर्ड थॉम्पसन आणि त्याची गायिका बायको लिंडा या जोडप्याने एक आख्खी रेकॉर्ड मोजक्या दिवसांत पुरी केली. खर्च सुमारे अडीच हजार पौंड. यंत्रांपाशी होता जॉन वुड, त्या काळातल्या इंग्लिश लोकसंगीताच्या निम्म्या चांगल्या रेकॉर्डी ज्याच्या कानाखालून गेल्या तो ध्वनिमुद्रक. वाजवणारे सगळे ओळखीचे. रेकॉर्ड मात्र बाजारात आली १९७४ च्या एप्रिलमध्ये, कारण मधल्या काळात तेलाचं संकट आलं, रेकॉर्डीसाठी लागणाऱ्या व्हिनाइल प्लास्टिकचा तुटवडा पडला आणि कंपनीने ती बाजूला ठेवली. आली तेव्हाही फारशी खपली नाही. 'आय वॉन्ट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट' हे तिचं नाव, आणि ब्रिटिश फोक-रॉकच्या (विजेच्या वाद्यांवरच्या लोकसंगीताच्या) पहिल्या दोन-तीन रेकॉर्डींत आज तिचं नाव घ्यावंच लागतं.

थॉम्पसनचं अर्ध्या शतकाहून जास्त काळाचं काम ओळीने ऐकलं की एक गोष्ट लख्ख दिसते. जी रेकॉर्डिंग्ज पटापट, सगळ्यांनी एका खोलीत बसून केली ती उजळून निघाली. ज्यांच्यावर पैसा ओतला, थरावर थर चढवले, त्यांत गाणी चांगली असूनही वाजवण्यातला जीव कमी झाला. हे नशिबाने झालेलं नाही. त्याची गिटार ज्या पद्धतीने चालते त्या पद्धतीतच याचं कारण आहे, आणि ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

थॉम्पसन १९४९ चा, लंडनच्या नॉटिंग हिल भागात जन्मलेला. वडील स्कॉटिश, स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह, आणि हौशी गिटारवादक. घरात जँगो राइनहार्ट आणि लेस पॉल या गिटारवाल्यांच्या रेकॉर्डी होत्या, आणि त्यांच्याच शेजारी जिमी शँड या स्कॉटिश अकॉर्डियनवाल्याच्या नाचाच्या धुना. त्याच्या पिढीतली लंडनची बहुतेक पोरं अमेरिकन ब्लूज घोटत होती. हा ब्लूज ऐकत होता, पण हाताला वळण लागलं ते शँडच्या धुनांचं. पुढे त्याने शँडच्या रेकॉर्डींवर एक गाणंही लिहिलं. शाळा सुटल्यावर काही काळ तो रंगीत काचांच्या खिडक्या करणाऱ्या एका कलाकाराकडे उमेदवारी करत होता. १९६७ मध्ये अॅशली हचिंग्ज आणि सायमन निकोल यांच्याबरोबर त्याने 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' हा बँड काढला. मझवेल हिलमधल्या निकोलच्या घराचं नाव 'फेअरपोर्ट', तेच बँडला मिळालं. तेव्हा थॉम्पसन अठरा वर्षांचा होता.

सुरुवातीचं फेअरपोर्ट अमेरिकन गाणी गायचं. वळण आलं १९६८ मध्ये गायिका सँडी डेनी आल्यावर. तिला लोकगीतांच्या क्लबांमधली जुनी गाणी तोंडपाठ होती. 'अनहाफब्रिकिंग' (१९६९) या रेकॉर्डवरचं 'अ सेलर्स लाइफ' ऐका. अकरा मिनिटांचं पारंपरिक गाणं, एकाच टेकमध्ये, म्हणजे सलग एकदाच वाजवून, मुद्रित झालेलं. पाहुणा म्हणून डेव्ह स्वारब्रिक फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) घेऊन आला होता. गाण्याच्या पहिल्या भागात बँड डेनीच्या मागे लाटेसारखा हलत राहतो. शब्द संपले की गिटार आणि फिडल एकमेकांना उत्तरं देऊ लागतात, आणि त्या सगळ्या वेळात कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) जवळजवळ बदलतच नाही. खाली एक सूर धरलेला, वर दोन वाद्यांचं बोलणं. इंग्लिश फोक-रॉक नावाचा प्रकार कुठून सुरू झाला यावर वाद घालता येतील. माझं बोट या अकरा मिनिटांवर ठेवलेलं आहे.

ही रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच, १२ मे १९६९ च्या पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना बँडची व्हॅन एम-१ महामार्गावर उलटली. ड्रमर मार्टिन लँबल गेला, अवघा एकोणीस वर्षांचा. थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. उरलेल्यांनी बँड मोडायचा विचार केला होता. त्याऐवजी त्यांनी हँपशरमधल्या फार्ली चेंबरलेन गावात एक मोठं घर भाड्याने घेतलं, डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमर घेतला, स्वारब्रिकला कायमचं सामील करून घेतलं आणि उन्हाळाभर जुन्या बॅलड्स, म्हणजे गोष्ट सांगणारी लोकगीतं, विजेच्या वाद्यांवर बसवल्या. हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या लोकगीतांच्या संग्रहातून पाठभेद शोधून आणत असे. त्यातून 'लीज अँड लीफ' झाली, डिसेंबर १९६९. 'मॅटी ग्रोव्ह्ज' हे तिच्यावरचं आठ मिनिटांचं गाणं म्हणजे व्यभिचार, खून, सगळं काही असलेली जुनी इंग्लिश कथा. चाल मात्र 'शेडी ग्रोव्ह' या अमेरिकन धुनेवरून घेतलेली. कथा संपल्यावर गिटार आणि फिडल पुन्हा सुटतात.

मॅटॅक्सबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो आधी नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा, त्यामुळे ठोका जड ठेवून मोकळ्या जागा कशा सोडायच्या हे त्याला पक्कं ठाऊक होतं. थॉम्पसनच्या पुढच्या कितीतरी रेकॉर्डींत तोच आहे. ड्रम भरगच्च झाले की गिटारचा खालचा सूर बुजतो. मॅटॅक्स तो बुजू देत नाही.

आता त्या खालच्या सुराकडे येऊ. स्कॉटिश बॅगपाइपला तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर धरणाऱ्या नळ्या, असतात, दोन मध्यम आणि एक खर्जातला, आणि ते सतत वाजत राहतात. चाल वाजवायच्या नळीवर मोजून नऊ सूर. हवेचा प्रवाह तोडता येत नाही, म्हणून वादकाला मध्ये थांबता येत नाही, आणि आवाज लहान-मोठाही करता येत नाही. मग एकच सूर दोनदा वाजवायचा तर? दोन्हींच्या मध्ये दुसऱ्या सुराचा एक निसटता कण घालायचा. पाइपची सगळी नक्षी या अडचणीतून जन्मली आहे. थॉम्पसनने ती जशीच्या तशी गिटारवर आणली. तो ज्या जागी ब्लूजवाला तार ताणून सूर लांबवेल त्या जागी डाव्या हाताच्या बोटाने झटकन कण घेतो. तार ताणतो तेव्हाही बरेचदा आधीच ताणून मग छेडतो आणि खाली सोडतो, त्यामुळे सूर वरून उतरत येतो. आपल्याकडच्या मींडेची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं. आणि या सगळ्याच्या खाली, तंबोऱ्यासारखा, मोकळ्या तारेचा एक सूर चालू असतो. तो सुटला तर वरचे आडवेतिडवे स्वर चुकल्यासारखे वाटतील. तो आहे म्हणून ते धीट वाटतात.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना 'पोर डाउन लाइक सिल्व्हर' (१९७५) या रेकॉर्डच्या शेवटी आहे. लिंडा 'डिमिंग ऑफ द डे' गाते, आणि गाणं संपताच थॉम्पसन एकट्या अकूस्टिक गिटारवर 'दर्गाई' नावाची धुन सुरू करतो. धुन जेम्स स्कॉट स्किनर या स्कॉटिश फिडलवाल्याची. नाव आलंय ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या दर्गाईच्या टेकड्यांवरून, जिथे १८९७ च्या तिराह मोहिमेत गॉर्डन हायलँडर्सची पलटण चढून गेली आणि पायांना गोळ्या लागूनही त्यांचा एक पाइपर वाजवत राहिला. म्हणजे पाइपच्या कीर्तीवरून फिडलची धुन, आणि फिडलवरून गिटार. थॉम्पसन ती संथ घेतो, कण जागच्या जागी ठेवतो, आणि मोकळ्या तारांना वाजू देतो. गिटार शिकणाऱ्याने ही धुन अनेकदा ऐकावी, आधी फक्त खालच्या तारा, मग फक्त वरच्या.

हे दोन थर एकाच हाताने कसे निघतात? पिक (तार छेडायची छोटी चकती) अंगठा आणि तर्जनीत धरायचं, आणि मधलं बोट व अनामिका मोकळी ठेवायची. जाड तारांवर पिक, बारीक तारांवर बोटं. सांगायला सोपं, पण इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, पिकचा आवाज कडक आणि बोटाच्या मांसाचा मऊ, म्हणून खर्ज गडगडतो आणि चाल मागे पडते. उपाय म्हणजे मध्यम जाडीचं पिक, त्याचं अगदी थोडं टोक बाहेर ठेवणं, आणि बोटांची नखं जराशी वाढवणं. दोन, आधार म्हणून करंगळी गिटारच्या फळीवर रोवायची सवय असते. करंगळी रोवली की अनामिका आखडते, कारण दोन्हींचे स्नायू एकमेकांना बांधलेले. हात मोकळा ठेवून मनगटाखालचा भाग ब्रिजपाशी (गिटारच्या फळीवर तारा टेकतात तिथे) हलका टेकवला तर खर्जाच्या तारा थोड्या दबतातही, आणि ते हवंच असतं. तीन, वरची चाल अवघड झाली की अंगठा अडखळतो. म्हणून सुरुवात उलटी करावी: खर्ज एकटा वाजवत त्यावर गाणं गायचं. गाताना ठोका डळमळला तर वरची बोटं अजून आणायचीच नाहीत.

विजेच्या गिटारवरही तो हेच करतो. फेअरपोर्टच्या दिवसांत त्याच्याकडे गिब्सन लेस पॉल होती, नंतर तो फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर आला आणि तिथेच राहिला. स्ट्रॅटचा आवाज पातळ, टोकदार. शिवाय तो फारसा फाटलेला आवाज (डिस्टॉर्शन) लावत नाही, त्यामुळे प्रत्येक आघात उघडा पडतो. लपायला जागा नाही. लोकांना त्याची सोलो ऐकताना जी धास्ती वाटते ती इथून येते.

जानेवारी १९७१ मध्ये त्याने फेअरपोर्ट सोडलं. सोडण्याआधी 'फुल हाउस' या फेअरपोर्टच्या रेकॉर्डच्या वेळी त्याने दाखवलेला हट्ट पुढच्या सगळ्या प्रवासाची खूण आहे: 'पुअर विल अँड द जॉली हँगमन' हे गाणं मनासारखं झालं नाही म्हणून त्याने रेकॉर्डचं वेष्टन छापून झाल्यावर ते काढायला लावलं, आणि छापील नावावर काळी पट्टी मारावी लागली. गाणं चांगलं होतं, माझ्या मते काढायला नको होतं. पहिली एकट्याची रेकॉर्ड 'हेन्री द ह्यूमन फ्लाय' (१९७२) आपटली. समीक्षकांनी झोडपलं, अमेरिकेत तर खपाचा तळ गाठला. आज ऐकली तर गाणी पक्की आहेत, कमी पडतो तो त्याचा स्वतःचा तेव्हाचा बुजरा आवाज.

ती उणीव लिंडाने भरून काढली. 'ब्राइट लाइट्स'वर ती 'विदर्ड अँड डाइड' गाते तेव्हा आवाजात एकही दागिना नसतो. शब्द सरळ ठेवून ती बाजूला होते. शीर्षकगीतात मँचेस्टरचा एक पितळी बँड आहे, कामगारवस्त्यांतल्या रविवारी वाजणाऱ्या बँडसारखा, आणि तो आनंदी वाजत असतानाच गाण्यातल्या मुलीची शनिवार रात्रीची तहान केविलवाणी वाटू लागते. 'व्हेन आय गेट टू द बॉर्डर'च्या शेवटी गिटार, जॉन कर्कपॅट्रिकचं कॉन्सर्टिना (अकॉर्डियनचं छोटं भावंड) आणि प्रबोधनकाळातलं फुंकून वाजवायचं क्रमहॉर्न एकमेकांच्या हातून धुन घेतात. इतकी वाद्यं, पण गर्दी कुठेही नाही, कारण प्रत्येकजण आपली ओळ वाजवून गप्प बसतो.

'द कॅल्व्हरी क्रॉस' मात्र या रेकॉर्डवर अपुरं वाटतं. ते खरं उमललं रंगमंचावर. १९७६ च्या '(गिटार, व्होकल)' या संग्रहावर १९७५ मधला ऑक्सफर्डचा तेरा मिनिटांहून मोठा प्रयोग आहे. शब्द संपल्यावर गिटार एका सुरावर अडून बसते, तोच सूर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे मारत राहते, मग दोन सुरांचं अंतर, मग मोठी उडी, मग पुन्हा त्याच सुरावर परत. नवा सूर मिळवायला वेळ लावायचा आणि मिळाला की लगेच खर्च करून टाकायचा नाही, हे तिथे शिकावं.

त्या सुमारास दोघंही सूफी पंथाकडे वळले होते. त्या मंडळीतल्या वडीलधाऱ्याने विजेची गिटार सोडायला सांगितली आणि थॉम्पसनने काही काळ ती सोडलीही. परतल्यावरच्या दोन रेकॉर्डी, 'फर्स्ट लाइट' आणि 'सनीव्हिस्टा', यांच्यावर मी वेळ घालवणार नाही.

१९८० मध्ये गायक जेरी रॅफर्टीने स्वतःचा पैसा घालून त्यांची नवी रेकॉर्ड करायला घेतली. त्याचं काम चिकाटीचं, एकेक आवाज पुन्हा पुन्हा घासून पुसून बसवण्याचं. थॉम्पसनचं मन त्यात रमेना. मुद्रण पुरं झालं, पण कुठलीच कंपनी घेईना आणि ते पडून राहिलं. मग फेअरपोर्टच्या काळापासूनचा निर्माता जो बॉइड पुढे आला. त्याच्या 'हॅनिबल' या छोट्या कंपनीकडे फार पैसा नव्हता. त्याने सुचवलं की रेकॉर्ड थोडक्या दिवसांत करू आणि उरलेल्या पैशांत अमेरिकेचा दौरा काढू. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ती झाली. लिंडा गरोदर होती, श्वास पुरत नव्हता, म्हणून काही ठिकाणी तिचं गाणं तुकड्यातुकड्यांनी घ्यावं लागलं. बाकी सगळं सरळ वाजवून. त्यातली बहुतेक गाणी रॅफर्टीकडेही मुद्रित झाली होती. ती फीत पुढे चोरून फिरली, त्यामुळे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकता येतात. रॅफर्टीच्या मुद्रणात 'वॉकिंग ऑन अ वायर' सुंदर आहे, गुळगुळीत आहे. बॉइडच्या मुद्रणात त्याच गाण्यात गिटार लिंडाच्या प्रत्येक ओळीनंतर काहीतरी बोलते, आणि ते तिने ती ओळ तशी गायली म्हणूनच बोलते. वाद्यं वेगवेगळ्या दिवशी थर चढवून घेतली की हे उत्तर देणं संपतं. खर्ज तसाच राहतो, पण वरच्या सुरांना समोर कोणी उरत नाही.

'शूट आउट द लाइट्स' १९८२ मध्ये आली तोवर लग्न मोडलं होतं. लोक ती घटस्फोटाची रेकॉर्ड म्हणून ऐकतात. पण गाणी बरीच आधीची आहेत, आणि कलाकृतीची अशी तारीख लावून उकल करण्याने गाण्यांवर अन्याय होतो. अमेरिकेचा दौरा दोघांनी वेगळं झाल्यावर केला, आणि जोडी म्हणून तो शेवटचा.

पुढे मिचेल फ्रूम निर्माता झाला. त्याच्या हाताखालच्या रेकॉर्डींत तालवाद्यांचे चमत्कारिक, दाबलेले आवाज आहेत. काहींना ते आवडतात, मला 'मिरर ब्लू' (१९९४) त्यांच्यामुळे ऐकताना अडचण होते. पण 'रूमर अँड साय' (१९९१) त्याचीच, आणि तिच्यावर असं एक गाणं आहे ज्याला फ्रूमने हातही लावलेला जाणवत नाही: '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग'. एक आवाज, एक गिटार, बस. व्हिन्सेंट ही स्टीव्हनेजमध्ये बनलेली ब्रिटिश मोटारसायकल, ९९८ सीसीची. ब्लॅक लाइटनिंग हे शर्यतीचं मॉडेल फक्त तीसेक बनलं. चोर जेम्स, लाल केसांची मॉली, आणि मरताना तिच्या हाती दिलेली गाडीची किल्ली. कथेचा साचा जुन्या दरोडेखोरांच्या बॅलडचा, घोड्याच्या जागी मोटारसायकल. अमेरिकन गायक डेल मॅकोरीने ते ब्लूग्रास या तिकडच्या लोकसंगीतात नेलं तेव्हा सरे परगण्यातल्या बॉक्स हिलचं नॉक्सव्हिल केलं आणि एक शिवणही उसवली नाही.

हे वाजवायचं तर सहावी, सर्वांत जाड तार ई वरून दोन पूर्ण स्वर उतरवून सी वर आणा. पाचवी ए वरून जी वर. बाकी चार जशाच्या तशा. जाडीकडून बारीकीकडे सी, जी, डी, जी, बी, ई. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर. बोटांच्या जागा जी च्या, ऐकू येणारी पट्टी बी फ्लॅट. सहावी तार षड्जावर नाही, मध्यमावर लागते हे ध्यानात घ्या. षड्ज पाचव्या तारेवर आहे. म्हणून अंगठा सहावीवर गेला की खाली जमीन उघडल्यासारखी वाटते, आणि ते राखून वापरायचं असतं. नेहमीच्या हलक्या संचातली सहावी तार इतकी उतरवली की सैल पडते, पडद्यांवर फडफडते आणि जोरात छेडली की क्षणभर चढी वाजते. एक क्रमांक जाड तार घाला, साधारण ०.०५६ इंचाची. कॅपो आवळल्यावर सैल तार पुन्हा किंचित चढते, तेव्हा सूर कॅपो लावल्यानंतर जुळवा, आधी नाही. आणि सुरुवातीला वेग निम्म्यावर ठेवा. मूळ मुद्रणाचा वेग त्याच्या हाताला शोभतो, इतरांच्या हातून त्या वेगात शब्द गिळले जातात. कथा कळली नाही तर गाण्यात उरतं काय?

एकट्याने वाजवलेलं त्याचं आधीचं ध्वनिमुद्रण म्हणजे 'स्मॉल टाउन रोमान्स' (१९८४). त्याला स्वतःला ते आवडत नव्हतं, त्याने ते बाजारातून काढायला लावलं आणि ते १९९७ मध्ये पुन्हा आलं. चुका आहेत, पण जरूर मिळवावं. वर्नर हर्झोग या जर्मन दिग्दर्शकाच्या 'ग्रिझली मॅन' (२००५) या माहितीपटाचं संगीत त्याने मोजक्या वादकांबरोबर अवघ्या दोन दिवसांत, पडद्यावरची दृश्यं पाहत केलं. अस्वलं, गवत, वारा, आणि खाली तोच न हलणारा सूर. 'ड्रीम अॅटिक' (२०१०) साठी तर त्याने नवी गाणी स्टुडिओत न नेता थेट श्रोत्यांसमोर मुद्रित केली.

एका नियतकालिकाने सहस्रकातली सर्वोत्तम गाणी कळवा म्हणून यादी मागितली, तेव्हा त्याने सहस्रक हा शब्द गंभीरपणे घेतला आणि तेराव्या शतकातल्या 'सुमेर इज इकुमेन इन'पासून सुरुवात केली. यादी छापली गेली नाही. त्याने त्यावर कार्यक्रम बसवला, शेवटी ब्रिटनी स्पीअर्सचं 'ऊप्स' घेतलं, आणि ते अकूस्टिक गिटारवर इतक्या मनापासून गायलं की चाल किती नीट बांधलेली आहे ते पहिल्यांदा कळतं.

'शिप टू शोअर' २०२४ मध्ये आली, त्याच्या पंचाहत्तरीच्या वर्षी. आवाज खाली उतरलाय, खरखर आलीय, आणि आता तो सुरुवातीच्या बुजऱ्या आवाजापेक्षा कितीतरी चांगला गातो. नव्याने ऐकणाऱ्याने मात्र तिथून सुरू करू नये. आधी 'ब्राइट लाइट्स', मग 'शूट आउट द लाइट्स', मग ऑक्सफर्डचं 'कॅल्व्हरी क्रॉस', शक्यतो हेडफोनवर, आणि पहिल्या वेळी सोलोच्या मागे न धावता बास आणि गिटारच्या खालच्या तारा एकमेकांना कुठे भेटतात तेवढंच ऐकावं.